कोऱ्या महिन्यांचे नियोजन : रोहिणीताई म्हसकर

रोहिणीताईंना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या शिडीवर उभ्या होत्या. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत छताचे पंखे बनवणाऱ्या एका कारखान्यात स्टोअर कारकुनाची जागा निघाली होती आणि मी शहाडहून मुलाखतीला आलो होतो. शिपाई म्हणाला, "म्हसकर मॅडम आत आहेत, जा सरळ." आत उंच रॅकच्या रांगा होत्या, तेलाचा आणि पुठ्ठ्याचा वास होता आणि पदर खोचलेल्या एक बाई शिडीच्या वरच्या पायरीवरून बेअरिंगच्या पेट्यांवरचे क्रमांक मोठ्याने वाचत होत्या. त्यांनी खाली पाहिले. "मुलाखतीला आलात? मग नुसते उभे का? लिहून घ्या." मी लिहून घेऊ लागलो. बऱ्याच वेळाने त्या खाली उतरल्या, माझा कागद पाहिला आणि म्हणाल्या, "एक-दोन ठिकाणी तुम्हाला ऐकू आलं नाही. तिथे जागा रिकामी सोडलीत, मनानं काही भरलं नाहीत. सोमवारपासून या."

त्या सोमवारपासून कारखाना बंद होईपर्यंत मी त्यांच्या हाताखाली होतो. आज ताई साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांनी तयार केलेले आम्ही काही जण आणि उल्हासनगरच्या ज्या छोट्या कारखानदारांना त्यांनी मालाचा हिशेब कॉम्प्युटरवर ठेवायला शिकवले ते, अशा सगळ्यांनी मिळून हा गौरवग्रंथ काढायचे ठरवले. त्यात कारखान्याविषयी लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. कारखान्याचे नाव मी लिहीत नाही. त्या फाटकावर आता दुसऱ्याच कोणाची पाटी आहे आणि आत पंखे बनत नाहीत.

मी लागलो तेव्हा मालाची नोंद पुठ्ठ्याच्या कार्डांवर होत असे. पुढे कंपनीने नवे सॉफ्टवेअर आणले. मुख्य कार्यालयातून आलेल्या तरुणांनी एसी खोलीत पडद्यावर चित्रे दाखवून इंग्रजीत प्रशिक्षण दिले आणि ते निघून गेले. ते गेल्यावर खरे प्रशिक्षण सुरू झाले. ताई दुपारच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये एक पंखा सुटा करून टेबलावर मांडत. "हे पातं, ही मोटार, हे तांबं, हा खोका. दोन हजार पंखे हवेत असं वरून आलं, तर ह्यातलं काय किती लागेल आणि ते कधी मागवायला हवं, एवढंच हे सॉफ्टवेअर सांगतं. पण आपल्याकडे आत्ता काय पडलंय ते त्याला आपण सांगायचं. तिथे आपण आळस केला की ते तिथून पुढे चुकतच जाणार." वायंडिंगच्या, म्हणजे मोटारीला तांब्याची तार गुंडाळणाऱ्या विभागातल्या बायका बदलापूर-वांगणीकडून येत. कॉम्प्युटरला हात लावायलाही त्या घाबरायच्या. ताईंनी त्यांच्याच विभागात एक कॉम्प्युटर नेऊन ठेवला आणि महिनाभर रोज त्यांच्याशेजारी स्टूल टाकून बसल्या. थोड्याच काळात कंपनीने त्यांना स्टोअरवरून उत्पादन नियोजनाचे प्रमुखपद दिले. त्या जागेवर बसणाऱ्या त्या पहिल्या महिला होत्या. त्याचा उल्लेख कोणी केला की म्हणत, "जागेला काय कळतं कोण बसलंय."

त्यांच्या न्यायबुद्धीचा अनुभव आम्हाला त्याच सुमारास आला. वर्षाच्या मोजणीत तांब्याची तार कमी भरली, आणि चांगलीच कमी भरली. कॉम्प्युटरमध्ये होती, रॅकवर नव्हती. तांबे म्हटले की संशय आधी चोरीचाच येतो. सुरक्षा अधिकाऱ्यांनी स्टोअरचे हमाल गणपतराव भोपी यांना बोलावून घेतले. गणपतराव बारवी धरणाच्या अलीकडच्या एका पाड्यावरचे, घरची भातशेती सांभाळून कामाला येणारे, मितभाषी गृहस्थ. दिवसभर त्यांना केबिनबाहेर उभे करून ठेवले होते. ताईंना कळले तशा त्या तिथे गेल्या आणि म्हणाल्या, "ह्यांना आधी बसायला खुर्ची द्या. तार कुठे गेली ते मी सांगते, मला उद्यापर्यंत वेळ द्या." त्यांनी आणि मी बाहेर गेलेल्या पंख्यांची संख्या काढली. तेवढ्या पंख्यांना जितके तांबे लागते तितके स्टोअरमधून गेल्याची नोंदच नव्हती. दुसऱ्या पाळीत वायंडिंगवाले घाईत रिळे उचलून नेत आणि नोंद करायची राहून जात असे. तार चोरीला गेली नव्हती, पंख्यांतून गेली होती. ताईंनी सुरक्षा अधिकाऱ्यांना घेऊन जाऊन सगळ्यांसमोर गणपतरावांची माफी मागायला लावली. त्या दिवसापासून ताईंचा शब्द गणपतरावांना प्रमाण झाला. पुढे जे घडले ते याच विश्वासामुळे घडले, म्हणून हे इतके सविस्तर लिहिले.

त्यांच्या जिव्हाळ्याविषयी मी स्वतःचेच सांगेन. माझ्या आईचे डायलिसिस सुरू झाले तेव्हा मला आठवड्यातून काही दिवस तिच्याबरोबर राहणे भाग होते आणि रजा संपत आली होती. मी ताईंना भीतभीत सांगितले. त्यांनी मान वर न करता विचारले, "मशीन देखभालीसाठी कधी बंद ठेवायचं ते आपण नियोजनात लिहितो ना? मग माणसाचं का नाही लिहायचं?" आणि माझ्या पाळ्या त्यांनी आईच्या वारांप्रमाणे लावून दिल्या. आई गेली त्या दिवशी बदलापूरहून शहाडला पिठलं-भाताचा डबा घेऊन सर्वांत आधी त्याच आल्या. आम्हा भावंडांना वाढले, भांडी घासली आणि गेल्या.

गौरवलेख इथून पुढे एकेक गुण वर्णन करत सुखाने शेवटाला नेता आला असता. पण ग्रंथाची कल्पना घेऊन आम्ही ताईंकडे गेलो तेव्हा त्यांनी आधी सरळ नकार दिला होता. फार आग्रह झाल्यावर मला म्हणाल्या, "विलास, कारखान्याचं तू लिहिणार असशील तर गणपतरावांचं लिही. सगळं लिही. ते गाळणार असशील तर माझं नावही छापू नकोस." म्हणून लिहितो.

कारखान्याच्या शेवटच्या वर्षी, आषाढात, गणपतराव नियोजनाच्या खोलीत आले. शहरातला एक जण त्यांची जमीन मागत होता. पाड्यावरून रोज येणे-जाणे त्यांना जड जात होते, गुडघे दुखत होते. जमीन विकून कारखान्याजवळ अंबरनाथला खोली घ्यावी असे त्यांच्या मनात होते. दारात उभे राहून त्यांनी विचारले, "ताय, कंपनी हाय ना फुडं? फुडचा सगला तुलाच दिसतं, म्हनून इचारतो."

ताई हसल्या. "आहे की, गणपतराव. पुढच्या उन्हाळ्यापर्यंतची मागणी आलीय. पण जमीन विकायची घाई कशाला करता?"

"बगतो. दसऱ्याला बगतो," म्हणाले आणि गेले.

ताईंनी तेव्हा सांगितले ते खरेच होते. श्रावणात मुख्य कार्यालयातून सुधारित मागणी आली. दिवाळीपर्यंतचे आकडे नेहमीसारखे होते. त्यापुढचे सगळे महिने कोरे. प्रत्येक वस्तूचा जो थोडा राखीव साठा आम्ही कायम ठेवत असू, तोही शून्यावर आणा अशी सूचना होती. ज्याला हे काम कळते त्याला याचा अर्थ एकच लागतो. ताई उठल्या आणि कारखान्याचे व्यवस्थापक सबनीस साहेब यांच्या केबिनमध्ये गेल्या. तिथे काय बोलणे झाले ते ताईंनी मला पुष्कळ नंतर सांगितले.

सबनीस साहेबांनी दार लावून घेतले. उत्पादन दुसऱ्या राज्यात हलणार होते. इथला कारखाना दिवाळीनंतर बंद होणार होता. नोटीस लागेपर्यंत कोणाला कळता कामा नये, असा वरचा हुकूम होता. कारण कळले की लोक काम टाकतील आणि हातातला कच्चा माल संपवून दिवाळीचा पुरवठा करायचा बेत फसेल. साहेबांना ताईंकडून आणखी एक गोष्ट हवी होती. कोऱ्या महिन्यांत त्यांनी नुसते दाखवण्यापुरते आकडे भरावेत, म्हणजे विभागांच्या पडद्यांवर सगळे नेहमीसारखे दिसेल. त्या बदल्यात नव्या कारखान्यात त्यांची जागा पक्की.

"खोटी मागणी मी भरणार नाही," ताई म्हणाल्या.

"बरं, नका भरू. विभागांना पुढचे महिने दिसणार नाहीत अशी व्यवस्था करतो मी. पण बोलू तर नका." साहेबही खचलेले होते. "मीसुद्धा घरीच बसणार आहे, मॅडम. मी वर भांडतोय, युनियनला आधी कळवू द्या म्हणून. गणपती होऊ द्या. तोवर थांबा. तुमच्याकडे हात जोडतो."

ताई थांबल्या. त्यांनी खोटे लिहिले नाही, पण खरे बोलायचे गणपतीनंतरवर टाकले. गणपतराव दसऱ्याला बघतो म्हणाले होते, म्हणजे तोवर वेळ आहे, असा त्यांनी मनाशी हिशेब केला. एरवी जी व्यक्ती कोणाच्याही "बहुतेक"वर एक बेअरिंग मागवत नसे, तिने या वेळी एका माणसाच्या "बघतो"वर तारीख धरली. हे शब्द माझे नाहीत, त्यांचेच आहेत.

त्याच काळात एकदा लालचंदशेठ आले. उल्हासनगरला त्यांचा पुठ्ठ्याचे खोके बनवण्याचा कारखाना होता आणि आमच्या पंख्यांचे खोके तेच पुरवत. पुरवठादारांना पुढच्या काही महिन्यांचे वेळापत्रक आपोआप जात असे. शेठनी ते ताईंच्या टेबलावर ठेवले. ताईंना ते सिंधीत 'अदी', म्हणजे बहीण, म्हणत. "अदी, दिवाळीच्या नंतर माझा खोका झिरो दाखवतोय. एक मॉडेल झिरो असता तर समजलो असतो. सगळे झिरो? बात क्या है?"

"शेठ, आत्ता मला विचारू नका."

शेठनी त्यांच्याकडे नीट पाहिले. कागद घडी करून खिशात ठेवला आणि हळूच म्हणाले, "समझ गया." ते गेल्यावर ताई खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटले, कंपनी खोक्यांचा पुरवठादार बदलत असेल. महिन्याभरात शेठनी दुसरी गिऱ्हाइके जोडली. त्यांना कोणी काही सांगायची गरज पडली नाही. आमच्या कामगारांकडे मात्र असे काही येत नसे ज्यावरून त्यांनी ओळखावे.

गौरी-गणपतीचे विसर्जन झाले. अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी सकाळी गणपतराव पेढ्यांचा पुडा घेऊन आले. नवा शर्ट, कपाळावर गुलाल. आधी मला पेढा दिला, मग ताईंच्या समोर पुडा धरला.

"घे ताय. झाला काम. जमीन दिली. खोली घेतली, हीतं कंपनीच्या मागच्या चालीत. आता डबा खायाला घरी जाईन."

ताईंनी विचारले, "दसऱ्याला करणार होतात ना?"

"तो घेनारा थांबना. बोलला, पितरपाख लागायच्या आदी उरकू. मी म्हनला, ताय तर बोललीय कंपनी हाय."

ताईंच्या हातात पेढा होता. त्यांनी तो खाल्ला नाही, खाली ठेवलाही नाही. "सही झाली?" एवढेच त्यांनी विचारले. "सगला झाला," गणपतराव म्हणाले आणि पुडा घेऊन वायंडिंगकडे गेले. ताईंचा चेहरा असा झाला होता की मी पाणी आणायला धावलो. परत आलो तेव्हा त्या खोलीत नव्हत्या. सबनीस साहेबांकडे जाऊन त्यांनी फक्त सांगितले, "मी आज सांगणार आहे." साहेब काय म्हणाले ते ऐकायला त्या थांबल्या नाहीत.

दुपारी कॅन्टीनमध्ये पहिली पंगत बसली होती. ताई मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे मागच्या टेबलांवर बोलणे चालूच होते. मग हळूहळू सगळे थांबले.

"दिवाळीनंतर आपल्या कारखान्याला मागणी नाही," त्या म्हणाल्या. "कच्चा माल मागवायचा नाही असा निरोप आहे. कारखाना बंद होणार आहे. ज्यांना घराचं, नोकरीचं, मुलांच्या लग्नाचं काही ठरवायचं असेल, त्यांनी हे धरून ठरवा. मला हे श्रावणात कळलं. मी तेव्हा सांगायला हवं होतं."

कोणीतरी हसून म्हणाले, "मॅडम, ऐसा मजाक नको." वायंडिंगमधली एक बाई उठून उभी राहिली. "श्रावणात?" तिने विचारले. "आणि आम्ही रोज तुमच्याशी बोलत होतो!" ताई म्हणाल्या, "हो." दुसऱ्या एकीला नगरपालिकेच्या दवाखान्यात आयाची नोकरी आली होती आणि कंपनीची कायमची नोकरी म्हणून ती नकार कळवणार होती. ती जेवण टाकून तशीच फाटकाकडे पळाली. मी गणपतरावांकडे पाहिले. ते कोपऱ्यातल्या टेबलावर होते. त्यांनी ताटातला भात संपवला, ताट धुतले आणि फाटकात आलेली गाडी उतरवायला निघून गेले.

त्या दुपारीच ताईंचा कॉम्प्युटर बंद झाला. दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या रखवालदाराने त्यांना आत सोडले नाही. गुप्तता मोडल्याबद्दल त्यांना निलंबित केले होते. नव्या कारखान्यातली जागा अर्थातच गेली. कामगारांनी ताईंना डोक्यावर घेतले असे मी लिहिले तर ते खोटे ठरेल. काही जण म्हणाले, बाई बोलल्या म्हणून कंपनीने घाई केली. काही म्हणाले, साहेब लोकांबरोबर महिनाभर गप्प बसल्या आणि मग स्वतःला मोठे करून घेतले. युनियनने फाटक अडवले, मशीन बाहेर जाऊ दिली नाहीत, त्यामुळे जाताना जी भरपाई हाती पडली ती थोडी बरी पडली. कारखाना मात्र दिवाळीनंतर बंदच झाला. शेवटच्या दिवशी आम्ही रिकाम्या रॅकमधून बाहेर आलो तेव्हा ताई फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे उभ्या होत्या. जे त्यांच्याकडे गेले त्यांच्याशी बोलल्या. जे गेले नाहीत त्यांच्याकडे नुसत्या पाहत होत्या.

गणपतरावांनी अंबरनाथची खोली थोडे दिवस ठेवली. भिवंडीकडच्या एका गोदामात ठेकेदाराकडे ते माल चढवायला जाऊ लागले. त्यांच्या गुडघ्यांना ते झेपण्यासारखे नव्हते. काम सुटले आणि खोली विकावी लागली. ते पाड्यावर परतले तेव्हा तिथे घर होते, शेत नव्हते. आयुष्यात कधी न घेतलेली दारू त्यांनी तिथे सुरू केली. ताई दोनदा जाऊन आल्या. मुंबईकडे औषधोपचाराची सोय पाहिली, एका ओळखीच्या कारखान्यात रखवालदाराची जागा पाहिली. गणपतराव "बगतो" म्हणत आणि जात नसत.

शेवटी त्यांना उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात आणले. मी आणि ताई गेलो तेव्हा त्यांच्या पत्नी हिराबाई पायाशी बसल्या होत्या. गणपतरावांचे डोळे पिवळे झाले होते, पोट फुगले होते. ताई जवळ जाऊन बसल्या. गणपतरावांनी विचारले,

"ताय, मी पेढे आनले तवा तुला ठाव होता ना?"

"हो, गणपतराव."

"कवापासना?"

"श्रावणापासून."

"तवा सांगतीस, तं जमीन रायली असती."

"हो. राहिली असती," ताई म्हणाल्या. "माझं चुकलं."

गणपतरावांनी पाणी मागितले. ताईंनी चमच्याने पाजले. पुढच्या काही दिवसांत ते गेले. अंत्यविधीला ताई पाड्यावर गेल्या, तेव्हा हिराबाई त्यांच्याशी बोलल्या नाहीत. आजही बोलत नाहीत. दर वर्षी गणपतरावांच्या तिथीला ताई जातात. हिराबाई त्यांना पाण्याचा तांब्या देतात आणि आत निघून जातात. ताई पाणी पितात, अंगणात थोडा वेळ बसतात आणि परत येतात.

त्यानंतर ताईंनी मोठ्या कंपनीत नोकरी केली नाही. उल्हासनगरच्या गल्ल्यांतून जीन्स शिवणारे, फर्निचर करणारे, खोके बनवणारे छोटे कारखानदार असतात. त्यांना माल किती, कुठे पडलाय आणि पुढे किती लागेल हे सॉफ्टवेअरवर ठेवायला शिकवणे हे त्यांचे काम झाले. काम घेताना त्यांची एक अट असते आणि ती ऐकून काही मालकांनी त्यांना परत पाठवले आहे. कारखाना हलणार किंवा बंद होणार असेल तर ते कामगारांपासून लपवण्यात त्या सामील होणार नाहीत.

ही अट नुसती बोलण्यापुरती नाही हे गेल्या वर्षी दिसले. लालचंदशेठ आता थकले आहेत. खोक्यांचा कारखाना त्यांचे चिरंजीव हरेशभाई पाहतात. जागा भाड्याने देऊन कारखाना बंद करायचे त्यांनी ठरवले आणि ताईंना सांगितले, "दीदी, अभी किसी को मत बोलना. पुठ्ठा संपेपर्यंत चालू दे. दिवाळीनंतर बघू."

मी त्या दिवशी कामासाठी तिथेच होतो. ताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हरेशभाई, उद्या सकाळी तुम्ही सांगा. तुम्ही नाही सांगितलंत तर दुपारी मी सांगेन. आणि मग तुमचं काम मी सोडलं."

"दीदी, तुमचा काय संबंध? तुम्ही बाहेरच्या."

"मागच्या वेळी मी आतली होते, तरी गप्प बसले. आता नाही बसणार."

लालचंदशेठ भिंतीजवळच्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते. मला वाटले होते त्यांना झोप लागली आहे. डोळे न उघडता ते मुलाला म्हणाले, "बोल दे बेटा. ये नहीं रुकेगी." सकाळी हरेशभाईंनी सगळ्यांना बोलावून सांगितले. त्यातल्या काहींना शेजारच्या गल्लीत काम मिळाले, काही अजून शोधताहेत. एका बाईने गावाकडचे घर विकायचा सौदा त्या दिवशीच मोडला. ताईंना हे कळले तेव्हा त्या आमच्याबरोबर चहा प्यायला थांबल्या, जे त्या सहसा करत नाहीत.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा हिराबाईंना विचारल्याशिवाय गणपतरावांचे नाव घालणे मला बरे वाटेना. मी पाड्यावर गेलो. त्यांच्या शेतावर आता शहरातल्या लोकांचे सुट्टीचे बंगले आहेत आणि हिराबाई त्यातल्याच एका बंगल्यात झाडलोट करतात. त्या अंगण झाडत होत्या. मी काय लिहिणार आहे ते सांगितले. झाडू थांबवून त्यांनी ऐकून घेतले.

"तिना सांगितला," त्या म्हणाल्या. "दुसरा कोनी नाय सांगितला, तिना सांगितला. पन येल गेल्यावर सांगितला. दोनी लिव."

"ताईंना काही निरोप?"

"निरोप कसला," म्हणाल्या आणि पुन्हा झाडू लागल्या.

मी ते ताईंना सांगितले. त्यांनी विचारले, "मग दोन्ही लिहिलंस का?" मी हो म्हटले. त्यांनी मान हलवली आणि समोर बसलेल्या मुलीला पुढची नोंद कशी करायची ते दाखवू लागल्या.

ज्यांचा गौरव करायचा त्यांना या दिवशी दीर्घायुष्य चिंतायचे असते. रोहिणीताईंसाठी ते मागताना माझा हात थोडा अडखळतो, कारण त्यांच्या आयुष्यात जितकी वर्षे वाढतील तितक्या वेळा त्या पाड्यावरच्या त्या अंगणात जाऊन बसणार आहेत, हे मला माहीत आहे. तरी मी तेच मागतो. त्यांचे डोळे, गुडघे, हृदय आणि आवाज दीर्घकाळ शाबूत राहोत, आवाज विशेषकरून. अंबरनाथपासून उल्हासनगरपर्यंत कुठल्या ना कुठल्या कारखान्यात आजही कोणाच्या तरी पडद्यावर पुढचे महिने कोरे दिसत असतील, आणि पडद्याबाहेर कोणीतरी पेढे आणायला निघाले असेल. त्याच्या आधी उठून बोलणारे माणूस आमच्याजवळ असावे.